मोठ्याईचा दहा दिवसांचा पास

माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आमची मोठ्याई, फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी वर्ध्याला माझ्या खोलीवर आली. ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. मी तेव्हा पंचवीस-सव्वीसचा होतो, लग्न व्हायचं होतं. एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि बस स्टँडपासून दहा मिनिटांवर एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. कचेरी सुटल्यावर आलो तर ती पायरीवर बसलेली, शेजारी संत्र्यांची पिशवी. न कळवता ती कधी येत नसे, त्यामुळे मी जरा घाबरलोच. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही. आधी विचारलं, "बाबू, दहा दिवसाचा पास भेटते म्हनते. एकदा काढला का कुठंबी जा, कितीबी खेपा जा. खरं हाय का?"

खरं होतं. असा पास नुकताच सुरू झाला होता आणि त्याचा कागद स्टँडवर लावलेला मी वाचला होता. आमच्या कचेरीतल्या बडेबाबूंनी तो काढून बायकोला कोल्हापूर, कोकण, नाशिक असं फिरवून आणलं होतं आणि महिनाभर तेच सांगत होते. मोठ्याईला कोणीतरी देवदर्शनाचं सुचवलं असणार असं मला वाटलं. मी तिला कुठून कुठं जाता येईल ते सांगायला लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, देव मागाहून पाहू. ती नातीच्या कामासाठी आली होती.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्याच तळेगावहून आत, टेकड्यांच्या बाजूला. मोठ्याईच्या थोरल्या मुलाची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, रोज सायकलनं तळेगावच्या शाळेत जाई. त्या वर्षी ती दहावीला होती. गणितात आणि विज्ञानात ती इतकी पुढे होती की तिचे मास्तर दोनदा घरी येऊन सांगून गेले होते, हिला शहरात ठेवा, विज्ञान शाखेला घाला. माझा चुलतभाऊ, तिचा बाप, हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. वसतिगृहात पोरगी ठेवायची तर तिथं तिच्याकडे कोण पाहणार, हा त्याचा प्रश्न होता. दुसरीकडे मुलीच्या मामानं एक स्थळ आणून ठेवलं होतं. घरात महिनाभर त्यावर बोलणं चाललं होतं. शेवटी मोठ्याई म्हणाली, तुमच्यापैकी कोणीच वसतिगृह पाहिलेलं नाही, मग भांडता कशावर? मी पाहून येते, मग बोलू. मार्चात परीक्षा होती. मग सुट्ट्या लागल्या की वसतिगृहं रिकामी होणार. पाहायचं तर आत्ता, मुली तिथं राहत असताना पाहायला हवं, एवढा हिशेब तिनं स्वतःच्या डोक्यानं केला होता.

मी म्हटलं, त्यासाठी एवढं फिरायची गरज नाही. मी चार ठिकाणी पत्रं टाकतो, माहितीपत्रकं मागवून घेतो.

"कागदावर भाजी कशी हाय ते कसं समजन?" ती म्हणाली.

मोठ्याई चाळिशीत विधवा झाली. संत्र्याची बाग तिनं स्वतः पाणी देऊन वाढवली. शाळेत ती गेलेली नव्हती. गावात प्रौढांचा वर्ग भरायचा तेव्हा तिथं सही करायला शिकली आणि सही येऊ लागल्यावर वर्गाला जाणं सोडलं. पश्चिमेकडे अमरावतीच्या पुढे तिचा प्रवास झालेला नव्हता. नागपूर तिनं आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा दवाखान्यापुरतं. वर्धासुद्धा तिच्या दृष्टीनं मोठं शहर होतं. अशी बाई दहा दिवस एकटी बसनं फिरणार, हे मला काही पटत नव्हतं. पण तिच्यापुढे ते बोलायची माझी हिंमत नव्हती.

पासाला फोटो लागतो असं कळल्यावर आम्ही फोटोवाल्याकडे गेलो. तिचा एकटीचा फोटो त्याआधी कोणी काढलेला नव्हता. फोटोवाल्यानं पदर थोडा मागे घ्यायला सांगितला, कान दिसले पाहिजेत म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला बाहेर जायला सांगितलं. मी दुकानाबाहेर उभा राहिलो. फोटोत ती फार कडक दिसत होती, कुणाला तरी जाब विचारत असल्यासारखी.

सोमवारी सकाळी स्टँडच्या खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, "कुठं कुठं जाणार, आजी?" तिनं गावं सांगितली, नागपूर, पुलगाव, अमरावती. बाबू भला माणूस होता. त्यानं मला बाजूला बोलावून सांगितलं की लांब फिरायचं असेल तरच ह्या पासात फायदा, एवढ्याशा फिरण्याला सरळ तिकिटं काढलेली बरी. मी तेच मोठ्याईला सांगितलं. ती खिडकीशी वाकली आणि त्यालाच म्हणाली, "एकाच ठिकानी दोनदा, तीनदा जा लागलं तं?"

तो म्हणाला, कितीदाही जा, दहा दिवस गाडी तुमचीच.

"मंग द्या."

वय विचारल्यावर तिला ते सांगता आलं नाही. थोरल्या मुलाच्या वयावरून बाबूनं अंदाजानं साठ लिहिलं. मग तिनं सही केली. एकेक अक्षर थांबून, पेन दाबून. मागे रांग होती, एकजण चुळबुळ करायला लागला, तरी तिनं घाई केली नाही. नाव पुरं झाल्यावर तिनं ते एकदा पाहिलं आणि मगच कागद आत सरकवला.

परतताना मी विचारलं की एकाच वसतिगृहात दोनदा जाऊन काय पाहायचं असतं. ती चालता चालता म्हणाली, "पयल्या दिशी पाव्हना म्हनून गेलं का सारेच गोड बोलते. दुसऱ्या दिशी मानूस आपल्या कामात रायते, तवा पाहा लागते. तिकीट काढून दुसऱ्यांदा जायले आपला जीव होत नाई, बाबू. पास असला का होते."

पासाची जाहिरात करणाऱ्यांच्या मनातही त्याचा असा उपयोग आला नसेल. माझ्या मनात तर नक्कीच आला नव्हता. बडेबाबूंनी पास काढून जास्तीत जास्त गावं पाहिली. मोठ्याई तो मोजक्या गावांना पुन्हा पुन्हा जाण्यासाठी काढत होती.

पहिल्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर नागपूरला गेलो. स्टँडवरून शहराच्या बसमध्ये बसलो, तिनं रुबाबात पास काढला. हा पास शहरातल्या गाडीला चालत नाही, असं कंडक्टरनं सांगितलं. तिनं वाद न घालता तिकीट काढलं. उतरल्यावर मला म्हणाली, आता पायी कसं यायचं तो रस्ता दाखवून ठेव. मला वाटलं उगाच विचारते आहे.

ते वसतिगृह तीन मजली होतं. पुढे बगीचा, भिंतींना नवा रंग, कचेरीत टेबलाला काच. अधीक्षक बाईंनी आम्हाला खुर्च्या दिल्या, नियम वाचून दाखवले, प्रवेशाचा छापील फॉर्म दिला आणि जागा थोड्याच आहेत तेव्हा लवकर भरून आणा असं सांगितलं. मी खूश झालो. फॉर्म घडी करून खिशात ठेवताना काम झालंच असं मला वाटत होतं. मोठ्याईनं बाईंना एकही प्रश्न विचारला नाही. निघताना नळावर दोन मुली कपडे धूत होत्या, त्यांना तिनं संत्री दिली आणि तुमचं गाव कोणतं एवढंच विचारलं. बाहेर पडल्यावर तिनं फॉर्म माझ्याकडून मागून घेतला आणि आपल्या पिशवीत ठेवला.

बुधवारी ती तिथं पुन्हा गेली. एकटी, मी दाखवलेल्या रस्त्यानं पायी, नेमकी जेवणाच्या वेळेला. संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं मला सगळं सांगितलं. ह्या वेळी फाटकावरच्या माणसानं आत सोडलं नाही. भेटायचा दिवस रविवार, असं म्हणाला. त्यात त्याची काही चूक नाही, असं तिचं मत होतं. मग ती फाटकाबाहेर झाडाखाली दोन तास बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या मुली तिच्याशी बोलल्या, कारण सोमवारच्या दोघींनी संत्री देणाऱ्या आजीबद्दल सांगितलं होतं. त्यांच्याकडून कळलं की वरच्या मजल्यावरची एक मुलगी तीन दिवस तापानं पडून आहे.

"घरी कोनी कळवलं नाई," मोठ्याई म्हणाली. "बाकी बगीचा लय चांगला हाय."

रोज संध्याकाळी असं बोलणं व्हायचं. मी शाळेच्या वहीत तिच्या सांगण्यावरून टिपून ठेवायचो. तिला काय महत्त्वाचं वाटतं ते मला हळूहळू कळायला लागलं. प्यायचं पाणी कुठून येतं, संडासाच्या दाराला आतून कडी नीट लागते का, मुलगी आजारी पडली तर तिच्याजवळ कोण बसतं. आणि एक गोष्ट मला कधीच सुचली नसती. मुली अधीक्षक बाईंना काय म्हणून हाक मारतात, आणि त्या समोर नसताना काय म्हणतात.

पुलगावला दहावीच्या पुढच्या मुलींना घेत नव्हते. वर्ध्यात चांगली जागा होती पण भरलेली होती, पुढच्या वर्षीचीही नावं लागलेली. अमरावतीचं वसतिगृह तिला मनापासून आवडलं. पाणी चांगलं, बाई चांगल्या, वरण घट्ट. दुसऱ्या दिवशी ती परत अमरावतीला गेली ती वसतिगृहात न जाता सरळ कॉलेजात. प्रयोगाचे तास संपून मुली सुटतात त्या वेळेला ती कॉलेजच्या फाटकाशी उभी राहिली आणि त्यांच्या मागे मागे वसतिगृहापर्यंत चालत गेली. मधे अर्धा कोस मोकळा रस्ता होता, दिवे नव्हते. मुली घोळक्यानं, भराभर चालत होत्या. मोठ्याईनं त्यांना विचारलं नाही की भीती वाटते का. त्यांच्या चालीवरूनच तिला कळलं. त्या रात्री ती अमरावतीला नात्यातल्या एका घरी राहिली आणि सकाळी परत आल्यावर मला म्हणाली, ते नाव खोडून टाक. खोडताना मला वाईट वाटलं, तिलाही वाटलं असावं.

चार-पाच दिवसांत कंडक्टर तिला ओळखायला लागले होते. तिच्यासाठी पुढची जागा धरून ठेवायचे. तिनं मला सांगितलं होतं की बसवरच्या पाट्या वाचता येत नाहीत म्हणून ती अडत नाही, कारण कोणत्याही स्टँडवर उगाच न ओरडणारा एक माणूस असतो, त्याला विचारायचं. पण शनिवारी मात्र तिला एक वेगळाच कंडक्टर भेटला.

त्या दिवशी ती नागपूरचं आणखी एक वसतिगृह पाहून परतत होती. वर्ध्याची थेट गाडी नुकतीच गेली होती, म्हणून ती हिंगणघाटच्या गाडीत बसली. वाटेत जाम नावाच्या गावाला उतरायचं आणि तिथून वर्ध्याची गाडी धरायची, असं तिनं विचारून घेतलं होतं. गाडी भरलेली, वाटेत धूळ, ऊन लागत होतं. तिनं पदर कपाळाच्या खाली ओढून घेतला होता. कंडक्टरनं पास पाहिला, फोटो पाहिला आणि म्हणाला, ह्या तुम्ही नाही. तोंड दाखवा. भरल्या गाडीत, चाळीस पुरुषांच्या देखत, पदर मागे घे म्हणून त्यानं दोनदा सांगितलं. तिनं नकार दिला. त्यानं पास आपल्याजवळ ठेवून घेतला आणि जामला तिला खाली उतरवून वाहतूक नियंत्रकाच्या हवाली केलं. पास दुसऱ्याचा दिसतो, असं सांगून तो गाडी घेऊन निघून गेला.

हे सगळं मला तिनं सांगितलं, आणि पुढे एकदा त्या नियंत्रकांनी स्वतःही सांगितलं. जाम म्हणजे चौफुली, ट्रक आणि बसेस थांबतात, चहाच्या टपऱ्या, फुटाणेवाले. नियंत्रक एका लहानशा खोलीत बसलेले. मोठ्याई त्यांना शांतपणे म्हणाली, "तुमाले खातरी करा लागते, ते बराबर हाय. पन एखादी बाई बलवा. तिनं पाहावं."

नियंत्रकांनी समोरच्या टपरीतून चहावालीला बोलावलं. ती हात पुसत आली. दोघी दाराच्या आड गेल्या. चहावालीनं फोटो हातात धरून मोठ्याईचा चेहरा पाहिला आणि बाहेर येऊन सांगितलं, ह्याच आहेत, फोटोतल्या रागात आहेत एवढाच फरक.

नियंत्रक वरमले. त्यांनी माफी मागितली, बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. पुढची गाडी तासाभरानं होती. एवढ्या कशासाठी फिरता, असं त्यांनी विचारलं. मोठ्याईनं सगळं सांगितलं. अपमान झाला म्हणून ती गप्प बसली नाही, हे मला आजही विशेष वाटतं. मी असतो तर तक्रारीचा अर्ज लिहायला बसलो असतो. तिनं त्या तासाचा उपयोग केला. मुलींचं बरं वसतिगृह कुठं आहे, हे तिनं नियंत्रकांना विचारलं, चहावालीलाही विचारलं.

नियंत्रक म्हणाले की त्यांच्या बहिणीची मुलगी हिंगणघाटला मुलींच्या एका वसतिगृहात राहते. वसतिगृह साधं आहे, बाहेर पाटीसुद्धा नाही, तीसेक मुली आहेत. तिथं पाहायला कोणी जात नाही, कारण पाहण्यासारखं काही नाही. पण भाची दोन वर्षांत एकदाही घरी यायचं म्हणून रडली नाही.

वर्ध्याची गाडी आली तेव्हा मोठ्याई तीत बसली नाही. ती उलट्या दिशेची, हिंगणघाटची गाडी धरून गेली.

संध्याकाळी ती उशिरा आली. मी स्टँडवर तीन खेपा घातल्या होत्या. कंडक्टरचं आधी ऐकलं तेव्हा मला फार संताप आला, पण तिला ते बोलायचंच नव्हतं. तिला हिंगणघाटचं सांगायचं होतं. बाई बाजारात गेल्या होत्या, तरी मुलींनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, जेवायला वाढलं. स्वयंपाक मुलीच पाळीपाळीनं करतात, मदतीला एक बाई येते. कुणब्यांच्या मुली आहेत, तेल्यांच्या आहेत, रुईच्या कारखान्यात काम करणाऱ्याची एक आहे, आणि समुद्रपूरकडच्या जंगलातल्या गावांच्या गोंडांच्या चार-पाच मुली, त्या आपसात त्यांच्या भाषेत बोलतात आणि दुसरं कोणी आलं की मराठीत. एका मुलीचे डोळे आले होते. तिच्याजवळ बसून दुसरी तिला इतिहासाचा धडा वाचून दाखवत होती.

"बाईले काकू म्हनते," मोठ्याई म्हणाली. "बाई घरी नसल्यावरबी काकूच म्हनते."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी तिच्याबरोबर गेलो. खरं सांगायचं तर मी निराश झालो. चार कौलारू खोल्या, पुढे टिनाचा मांडव, अंगणात दोरीवर वाळणारे कपडे. कचेरी नव्हती, टेबल नव्हतं. नागपूरच्या तीन मजली इमारतीसमोर हे काय, असं मी मनात म्हणत होतो. त्यात भर म्हणजे आम्ही पोहोचलो तेव्हा काकू एका मुलीला रागावत होत्या. तांदूळ न निवडता शिजवला होता, घासाघासाला खडा लागत होता. पन्नाशीच्या असतील, अंगानं बारीक, आवाज मात्र खणखणीत. आम्ही आल्याचं पाहूनही त्या थांबल्या नाहीत, बोलायचं ते बोलून पुरं केलं आणि मग आमच्याकडे वळल्या. आम्हाला तोच खड्यांचा भात वाढला आणि तो खडेवाला आहे हे आधीच सांगून ठेवलं.

येताना मी म्हटलं, बाई जरा तापट दिसतात.

मोठ्याई म्हणाली, "तू पाह्यलं नाई. पोट भरून रागावली, अन् मंग पयलं ताट त्याच पोरीले वाढलं."

मी खरंच पाहिलं नव्हतं. मी भिंतीचे पोपडे पाहत होतो.

मंगळवारी, नवव्या दिवशी, ती तिसऱ्यांदा गेली, एकटी. परीक्षेच्या दिवसांत मुलींना किती वाजेपर्यंत दिवा मिळतो ते तिला विचारायचं राहिलं होतं. त्या वेळी काकूंनी तिला सरळ विचारलं, तुम्ही तीनदा आल्या, तुमची मुलगी अजून दहावीचीच आहे, मग एवढ्या खेपा कशासाठी? मोठ्याईनं पास काढून दाखवला आणि पहिल्या दिवसापासूनचं सांगितलं. काकूंनी तो पास उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, मी इथं इतकी वर्षं आहे. बाप येतात, पेटी ठेवतात आणि जातात. आत येऊन संडासाची कडी लावून पाहणाऱ्या तुम्ही पहिल्या. मोठ्याईला ती स्तुती वाटली नाही. जे करायलाच पाहिजे ते केल्याबद्दल कोणी काय म्हणावं, असं तिला वाटलं. मला मात्र हे ऐकून तिचा फार अभिमान वाटला.

पासाचा एक दिवस उरला होता. काम झालं होतं. मी म्हटलं, उद्या कुठंतरी फिरून ये, नागपूरचा तलाव पाहा, एखादं मंदिर पाहा. ती नागपूरला गेली, पण त्या पहिल्या वसतिगृहात. पिशवीतला कोरा फॉर्म तिला परत करायचा होता. तिथल्या बाईंनी जागा थोड्या आहेत असं सांगितलं होतं. आपली मुलगी येणार नाही हे त्यांना कळलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मुलीला ती जागा मिळेल. एवढ्यासाठी ती जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरची खेप करून आली. तापात पडलेल्या मुलीचं तिथं काही बोललीस का, असं मी विचारलं. बोलली होती. अधीक्षक बाईंना ठाऊकच नव्हतं, आम्ही भेटून गेल्यावर त्या स्वतः चार दिवस बाहेरगावी होत्या. त्यांनी मोठ्याईच्या देखत मुलीच्या घरी तार करायला माणूस पाठवला. मुलीला बरं वाटत होतं, तरी त्यांनी पाठवला. हे सांगताना मोठ्याई म्हणाली की ती बाई वाईट नाही, पोरी लय हायेत तिच्याजवळ, एकटी कुठं कुठं पाहीन.

पुढच्या रविवारी मी तिच्याबरोबर गावी गेलो. ओसरीवर चुलतभाऊ, त्याचा मेहुणा म्हणजे मुलीचा मामा, आणि मी. पुतणी दारात पुस्तक धरून उभी. मोठ्याईनं सगळी गावं सांगितली, मी वहीतून वाचून दाखवत गेलो. हिंगणघाटचं ऐकल्यावर मामा म्हणाला की तिथं कोणकोणत्या जातीच्या मुली स्वयंपाक करतात म्हणे, मग आपल्या पोरीनं तिथं खायचं का?

चुलतभाऊ आईकडे पाहत होता.

"मी जेवली तिथं," मोठ्याई म्हणाली. "तीनदा गेली, तीनदा जेवली. एक दिवस भातात खडे होते. दुसरं काई खराब नव्हतं."

मुलीच्या बापानं विचारलं की फी केव्हा भरायची, आणि त्यावरून आम्हाला त्याचं उत्तर कळलं. स्थळवाल्यांना निरोप गेला. पुतणीनं तेवढ्या वेळात एकच प्रश्न विचारला, तिथं रात्री दिवा किती वाजेपर्यंत असतो. मोठ्याई म्हणाली, दहापर्यंत, परीक्षेत पाहिजे तेवढा. मुलगी आत गेली आणि आतून तिचं मोठ्यानं पाठ करणं ऐकू यायला लागलं.

ती चांगल्या गुणांनी पास झाली. जूनच्या अखेरीला तिला पोहोचवायला आम्ही तिघं गेलो, ती, मोठ्याई आणि मी. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी, लोणच्याची बरणी. काकूंनी वळकटी कुठं टाकायची ते दाखवलं. त्या दिवशी भाकरीची पाळी एका गोंडांच्या मुलीची होती, तिनं पुतणीला विचारलं, तुला थापता येते का? हिला येत होती. दोघी चुलीशी बसल्या आणि आम्ही निघतो म्हणून सांगायला गेलो तेव्हा तिनं पिठाच्या हातानंच आजीच्या पायाला हात लावला. लुगड्यावर पीठ लागलं.

परतीच्या गाडीत मोठ्याई खिडकीशी बसली. त्या दहा दिवसांत आणि त्याआधीही मी तिला दिवसा कधी झोपलेलं पाहिलं नव्हतं. हिंगणघाट मागे पडलं आणि ती बसल्या बसल्या गाढ झोपली. वर्ध्याला मला तिला दोनदा हाक मारावी लागली.

पुतणी दोन वर्षं तिथं राहिली. बारावीनंतर नागपूरला शिकायला गेली, तोपर्यंत तिच्या बापाची भीती मोडली होती. आता ती वर्ध्याजवळच्या सावंगीला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिच्या हाताखाली सहाजण आहेत. आमच्या गावातून नंतर आणखी तीन मुली हिंगणघाटला गेल्या. त्यांच्या घरच्यांनी पाहायला जायची गरज मानली नाही, मोठ्याईनं पाहिलेलं त्यांना पुरलं. ती मात्र प्रत्येक मुलीच्या वेळी दिवाळीच्या आत एकदा जाऊन येत असे, सकाळच्या गाडीनं, तिकीट काढून. कशासाठी आलात, हे काकूंना आता विचारावं लागत नसे. ती आली की त्या तिच्यापुढे ताट ठेवत आणि मुलींची नावं घेऊन हाका मारत.